सेक्रेटरीकाकांवरची कविता

मुलांसाठी कविता करणं म्हणजे सोपं काम वाटतं ना तुम्हाला? ऐका. हाटकेशच्या आमच्या सोसायटीत मी भाडेकरू, आणि करार वाढवायला सेक्रेटरीची सही हवी होती. त्यात, जिन्यात पोरांना गंमत म्हणून ऐकवलेली माझी कविता शेजारच्या सईने गणपतीत थेट माइकवर म्हटली:

"सेक्रेटरीकाका, कुलूप लावू नका,
कपाटातले चेंडू आमचे खाली तरी टाका!"

टाळी एक नाही. सेक्रेटरी उठले.

"कोणी लिहिलं हे?"

सगळ्या पोरांनी अभिमानाने माझ्याकडे बोटं केली. ते जवळ आले, कानाशी वाकले.

"चेंडू मी नाही, चेअरमन ठेवतो. बघा ना जरा, चेअरमनकाका बसतात का चालीत?"