कुलपाची तब्येत

...आवं, कुलपाला कदी ताप आलाय का? न्हाय, तुमीच सांगा! चक्कर यून पडलंय कदी कुलूप? न्हाय ना? मंग बोंबलतोय काय मी!

तुमाला सांगतो, आमी मेंढरंवाली मानसं, चाऱ्याच्या मागं सांगोल्यापास्नं लई लांब. वाडीतल्या पंधराच्या पंधरा घरांना कुलपं. आमच्या मालकिनीला, मायाक्काला, पाचवा म्हैना, आन् रगत सातावर! मला घोर लागलेला. तेवढ्यात पुतनीचा, पूनमचा मेसेज, "काका, आरोग्याचा नकाशा आलाय, गावं रंगवल्यात, आपली वाडी बगा की!" बोटानं मोठं केलं... हिरवं! हिरवं म्हंजी किती हिरवं! बाभळीखाली आडवा झालो, मोबाईल छातीवर... आन् काय सांगू, मेंढरं पोटापतूर गवतात, वड्याला पानी खळखळ, मायाक्काचं गाल डाळिंबावानी... उटलो ते मेंढरं घराकडंच वळवली! घोड्यावर बसता बसता मायाक्का म्हनली, "अवं, हिरवं म्हंजी गवतच कशावरनं?" म्हनलं, "मला हिरवं शिकवतीस व्हय?"

चार दिस चाललो. गवताची काडी न्हाय वो! नुसती ढेकळं. आन् दवाखान्याला बी कुलूप! मायाक्का पायरीवरच बसली, डोळ्यांफुडं अंधारी... आरोग्याच्या हापिसात फोन लावला, तर तितला सायेब गोड आवाजात, "बिरुदेव, हिरवं म्हणजे निरोगी. तुमच्या वाडीत आजारी शून्य! म्हणून सिस्टर लाल गावाला दिल्या."

"आवं सायेब, सर्वेला आमी हितं न्हवतोच की!"

"पंधरा घरं पाहिली, एकाचीही तक्रार नाही."

आता कुलूप काय तक्रार करनार?

मंग काय! वळवली मेंढरं, गेलो त्या तांबड्या गावाला. तितंच मुक्काम टाकलाय. सिस्टर दर हप्त्याला येत्यात, गोळ्या देत्यात, मायाक्काचं रगत नवावर आलं बगा! गाल डाळिंबावानी न्हाईत अजून, पन रंग धरायला लागल्यात. मी दुपारचा बाभळीखाली नकाशा उगडतो, त्या हिरव्यात जरा हिंडून येतो... हिरवं म्हंजी किती हिरवं! मायाक्का हसती.

काल सायबाचाच फोन. "अभिनंदन बिरुदेव! परत सर्वे झाला, परत आजारी शून्य. तुमची वाडी पहिली आली! सत्काराला कोण येणार?"

म्हनलं, "सायेब, शाल कुलपावरच घाला. आमच्यात तब्येत त्याचीच बरी हाय."