वांदरानं काढलेली पिन

हॅलो?… हॅलो, कोन?… राखी व्हय? बोल माय. मी आजीच. घरात दुसरं हाय कोन, तुये मायबाप तं तुयाच संगं गेले… पोचले शेलूबाजारले? वांगे उतरवले का?… बरं झालं.

कम्प्युटर?… हाव, हाय ना. टेबलावर हाय, जाते कुठी?… काम किती झालं थे दाखवनारी पट्टी? पट्टी नाई दिसून राह्यली, राखे. म्हंजे… काईच नाई दिसून राह्यलं. कायंकुट्ट हाय.

अवं, मी काई नाई केलं! वांदर आलं होतं… हाव, घरात! वासराएवढं. खिडकीतून आलं, वायर धरली, पिन उपसली, हुंगली, मले असा रामराम केला अन् गेलं… हासून राह्यली का?… राखे? रडून राह्यली?… अवं रडू नको, जीपीतले लोक काय म्हनतीन…

काय?… पिन निघाली तवा काम चालू होतं का सरलं होतं? त्यानं काय फरक पडते?…

हाव… हाव… सकाळीच सांगतलं होतं तू. कम्प्युटरच्या आत, एका वावराचे करतेत तसे दोन हिस्से. एकात आपलं जुनं, दुसऱ्यात तुया कालेजचं नवं… अन् मधातला धुरा, बांध, सरकता सरकता करंट गेला तं?… जुन्यातलंही जाईन? सगळं?

सगळं म्हंजे… आबाचा आवाजही?

अवं पन तू तं पेन डराइवात उतरवून घेतलं होतं ना!… कागदं घेतले… फोटो घेतले… अन् आवाजच राह्यला? फोटोले काय करू मी? फोटो बोलते का? आबा गेले तवापासून तेवढाच तं हाय घरात… नाई, तुयावर नाई बोंबलून राह्यली. थांब, बसतो.

आयक. वांदर नव्हतं.

मीच काढली पिन… ईज कडाडली ना व! देव्हाऱ्यातली घंटी हालली. मंग सगळ्याच पिना काढल्या, टीवीची, फिरीजची, तुया कम्प्युटरची. आबानंच तं लावली सवय. अंगणात कुऱ्हाडही फेकली, गारा पडू नाई म्हून… नाई, हे खरं हाय! आबाची आन!… हाव, उडत्या बैलाच्या गोष्टीतही घेतली होती आन, थे वायली. आता भेव लागून राह्यलं मले, भेवात कोनी बनवून सांगते का?

थांब, आठवू दे… नाई, तवा पट्टी नव्हती. मधात लहानशी चौकट आली होती. दोन बटनं तिच्यात, एक रंगाचं, एक फिक्कं. मी म्हनलं हे काय इचारून राह्यलं, तं बाहेर कडाड!… अवं पक्कं सांगतो ना!… सरलं होतं? तशी चौकट काम सरल्यावरच येते? देव पावला बाई… नाई पावला अजून? चालू करून पाहा लागते?

मी?… मले नाई जमत. तूच ये… बरं. बरं! नाई, आता नाई कडकत, आभाय उघडलं. नवं भराले खोसलेला पेन आंधी काढू?… काढला. पिन लावली. बटन दाबतो… बोल ना काईतरी, चुप नको राहू.

कायंच हाय… कायंच… आलं! अक्षरं आले, पांढरे. ओळी हायेत चार. खाली आकडा कमी होऊन राह्यला, राखे! नऊ… आठ… काय दाबू?… खालचा बाण… दाबला. थांबला आकडा. आता कोनती ओळ? मले इंग्रजी कुठी येते!… जुन्याचं 'डब्लू'? नांगराचे दोन तासं पडल्यावानी अक्षर… थांब… हाव, हे हाय, चौथ्या ओळीत… त्याच्यावर नेली पट्टी. आता मोठं बटन?… दाबतो. देवा महादेवा…

गोल फिरून राह्यलं… फिरूनच राह्यलं… अवं, तुया बापाचा फोटो आला! पोळ्याचा, बैलाजवळचा! जुनंच हाय व!… थांब, नाचू नको, आवाज पाहू दे आंधी. पिवळी पेटी… उघडली. सगळ्यात खालचं… दोन टिचक्या…

…

आयकू येते तुले?… खोकलून राह्यले… हेच व्हय, बोलाच्या आंधी असेच खोकलत… श्श!… "गोजरा, किती फेकशीन व," म्हनून राह्यले…

नाई जी. आज खरं सांगतलं म्या. राखीले इचारा पाह्यजे तं.

राखे, ठेव आता. आमचं दोघाचं बोलनं चालू हाय.