गंगेच्या रक्तातलं

जे. पी. नगरच्या जनावरांच्या दवाखान्यात विठोजी कुत्र्याला घेऊन बसले होते. शेजारी अंबुबाई पुण्याहून आलेल्या तरुण डॉक्टरांना आपल्या गायीचं विचारत होत्या.

"गंगा छान खाते, दूध देते. मग रोग कुठं आहे, अण्णा?"

"रक्तात, अक्का. विषाणू पेशीच्या जीन्समध्येच जाऊन बसलाय. त्याचं एक प्रथिन त्याला जागं करतं, पेशीलाही बिघडवतं. मग कधी कधी कॅन्सर होतो. पण बहुतेक गायींत तो जन्मभर गप्प राहतो."

"म्हणजे आजारी आहे की नाही?"

"आहे... आणि नाहीही."

"अय्यो! कीर्तनात बुवा असं कोड्यात बोलले, तर पुढं उलगडून तरी सांगतात!"

विठोजींनी हसू दाबलं.

"दूध तापवून तुम्ही खुशाल प्या. वासराला मात्र तिचं कच्चं दूध नको, त्यातून विषाणू जाऊ शकतो."

"आमच्यात वासरू प्यायल्याबिगर धारच काढत नाहीत!"

"आता वेगळं बांधा. दूध तापवून, निववून बाटलीनं पाजा."

"सरी, बरं. पाजीन." अंबुबाईंनी पदर सावरला. "पण ती त्याला चाटायला लागली, तर ओढून काढू?"

डॉक्टरांनी गंगेच्या रक्ताचा अहवाल मिटला.

"नको. चाटण्यातून तो सहसा जात नाही. चाटू द्या."

"मग हे आधी सांगायचं की हो!"