सासऱ्याचं हरण

मटन तोंडात टाकलं की जनावर ओळखतो म्हणता न तुमी? मंग माह्या सासऱ्याचं ऐका.

आखाडीले त्यायनं मले त्यायच्या गावाले, बेल्याले, जेवाले बोलावलं. मी दुसऱ्यांदा रस्सा मांगितला, तसे सारी आळी ऐकंल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, हरण हाये हे! जावयाले बोकड वाढत नसतो आमी."

आळीनं ऐकलं, जंगलखात्यानंही ऐकलं. माहे हात धुवायचेच होते अन् जीप दारात. चुलीवरचा गंज मटनासकट उचलला. सासरे हात जोडून म्हणे, "साहेब, बोकड हाये हो! खाटकानं खूण म्हणून बोकडाचं शेपूट दाखवून देला. जावयासमोर शान मारून राह्यलो होतो."

"धरलं की साऱ्यायचं हरण बोकड होते," साहेब म्हणाला. "डीएनए तपासू, मंग बोलू."

तपास होईस्तोवर मी बेल्यातच अडकलो. सासू रोज मले ताट वाढताना म्हणे, "खाऊन घ्या, जेलात कोणी जावई म्हणून वाढणार नाही."

शेवटी साहेबानं आमाले बोलावलं. "सुटले तुमी. हरण नाही."

सासऱ्यानं मिशीवर हात फिरवला. "म्हनलं नोतं म्या, बोकड हाये?"

"बोकडबी नाही. मेंढी हाये."

सासऱ्यानं मिशीवरचा हात काढला. मंग म्हणाले, "साहेब, या कागदाची नक्कल द्या."

तिथून फटफटी सरळ खाटकाच्या दुकानापुढं, भर बाजारात. साऱ्यायसमोर मले तो कागद मोठ्यानं वाचाले लावला. खाटीक मान वर करंना.

आता त्यानं शेपूट पुढं केलं की बेल्यातली म्हातारीबी म्हणते, "शेपूट राहू दे, डीएनए दाखव!"