चारशे बारा कार्डं

—न्हाय, दारू न्हाय, तंबाखू न्हाय, साधी सुपारीसुद्धा न्हाय. विचारा की पावणं, आणखी काय विचारायचं ते. पोरगी द्यायची म्हटल्यावर मुलाच्या हापिसात येऊन चौकशी करायची रीतच हाय, त्यात लाजायचं काय? मीबी मेव्हण्याच्या वेळी असाच एका गेटावर दोन तास उभा होतो. चहा घ्या, बशीत ओता, आमच्या कँटीनचा चहा जीभ भाजतोय. काय म्हणालात— काम काय करतोय चन्नवीर? हां, हे सांगायला मात्र दुसरा चहा लागंल. आमी दोघं कॉम्प्युटरवर हाय. पण कॉम्प्युटर हितं न्हाय— हसू नका— मशीन मुंबईला, हेड हापिसात, गार खोलीत. मी ते जन्मात दोनदा बघितलंय. हितं सोलापुरात बसून आमी फकस्त मशीननं काय करायचं ते लिवायचं. प्रोग्राम म्हणत्यात त्याला. कागदावर लिवायचं, मग एका ओळीला एक कार्ड, आतल्या पोरी त्या कार्डाला भोकं पाडत्यात, आन सगळी थप्पी पत्र्याच्या पेटीत घालून मेलगाडीनं मुंबईला. मशीन भोकं वाचतंय. चार दिसांनी उत्तर येतंय— काय? तर अमक्या ओळीच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलंय. झालं! पुन्ना पेटी, पुन्ना मेल, पुन्ना चार दिवस. एका टिंबापायी आठवडा जातोय बघा. एवढ्या मोठ्या मिलमधी आमी करतो काय ते कुणालाच ठाऊक न्हाय. माझी बायको शेजारणीला सांगते, हे मिलमधी पत्ते खेळायला जात्यात.

हुशार? हुशार हाय की. न्हाय कशाला म्हणू? शिकवलं कुणी त्याला, ते नका विचारू— मीच शिकवलं. सात वर्षं हजेरीच्या खिडकीत काढली मी, मग त्र्याहत्तर साली मुंबईला पाठवून सहा आठवडे फळ्यावर शिकवलं मला, सगळ्या मिलमधनं मला एकट्याला. गावाकडं, जेऊरला, लोक स्टेशनवर घ्यायला आले होते. आन वर्षाच्या आत हे पोरगं आलं, अक्कलकोटचं, तुमच्याच गावचं. घरात कानडी बोलणारं, 'हरिदासअण्णा, हे कसं, हरिदासअण्णा, ते कसं' करत माझ्या टेबलाला चिकटलेलं. सगळं दिलं मी त्याला, हातचं राखून ठेवलं न्हाय. आता त्यानं लिवलेलं पहिल्या फेरीत चालतंय. पहिल्या! माझं तिसऱ्या, कधी चौथ्या. भोकं पाडणाऱ्या पोरी त्याचे कागद आधी घेत्यात— अक्षर मोत्यासारखं— आन माझे खाली दाबत्यात. गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय! मुंबईला जागा निघाली, मला वाटलं वयानं, नोकरीनं, कशानंबी धरा, माझीच. साहेबाचं पत्र आलं तर नाव त्याचं. जळतोय? मी? …व्हय, जळतोय. छातीवर हात ठेवून सांगतो, लई जळतोय. त्याची सायकल स्टँडला दिसली तरी सकाळ कडू होती माझी.

ते गुरम्माचं तुमाला कुटं कळलं? मुंबईच्या भाच्यानं लिवलं? बातमी लई लांब गेली म्हणायची. म्हणून आलाय व्हय तुमी, मुलगा नोकरीत टिकतोय का बघायला. सांगतो. सगळ्या मिलची हजेरी मशीनवर घ्यायची होती, चार हजार माणसं. चन्नवीरनं लिवलं. मशीननं काय करायचं— एक नाव वाचायचं, छापायचं, पुढचं वाचायचं, छापायचं. पयलं नाव रीळ खात्यातल्या गुरम्माचं. छापलं. आन मग पुढचं वाचलंच न्हाय! गुरम्मा, गुरम्मा, गुरम्मा— पानंच्या पानं, तीन खोकी कागद, बघणारा माणूस जेवायला गेलेला. आख्खं हेड हापिस हसलं. मुंबईची जागा गेली त्याची. न्हाय, नोकरी न्हाय गेली. 'चूक माझी' एवढंच म्हणाला. आता आमच्यात रीत अशी, पेटी बंद करायच्या आधी दोघांनी कार्डं मोजायची. चारशे बारा. मोजली आमी. पण मुंबईला मागनं मोजली तर चारशे अकरा. तीनशे सहावं न्हवतं— 'पुढचं वाच' सांगणारं. दुसरं कुठलंबी गेलं असतं तर मशीन तितंच अडलं असतं, कुणी हसलं नसतं. नेमकं तेवढंच काढलं की बाकीचं सगळं चालतंय, थांबत मात्र न्हाय, म्हणून तर मी—

पडलं. पडलं म्हणायचं होतं मला. काढलं म्हणालो का? अहो, जीभ हाय, चहानं भाजली. असं काय बघताय? …बरं. तुमी दाढीमिशीवाले, लेकीचे बाप, तुमच्याशी काय खोटं बोलायचं. काढलं मी. तो सुतळी आणायला गेला तेवढ्यात. मुंबईला आता मी चाललोय, सोमवारी. खिशात रेल्वेचा पास हाय. तीन आठवडं झालं, अन्न गोड लागत न्हाय. आता कळलं ना? मग उठा आन ओरडा साहेबाच्या दाराशी. ओरडा की!

काय? तुमाला ठाऊक होतं? कुणी— चन्नवीरनं सांगितलं? कधी? …'अण्णांनी काढलं' म्हणाला? आन तरी तुमाला माझ्याकडंच धाडलं? …'मला त्यांनीच शिकवलं, माझ्याबद्दल ते सांगतील ते खरं धरा'— असं म्हणाला तो? मग साहेबाला का सांगितलं न्हाय? …माझी पोरं लहान हायत म्हणून?

हेच. बघा, हेच मला सोसत न्हाय. चार शिव्या घालाव्यात, गचांडी धरावी, मी निदान म्हणलो असतो, हाय की हाबी माझ्यासारखाच. तेवढंबी देत न्हाय हा माणूस मला. हितंबी पहिल्या फेरीत पुढं.

नीलम्मा न्हवं का नाव तुमच्या लेकीचं? द्या तिला. डोळे मिटून द्या. संसार मात्र मुंबईला करावा लागंल तिला, ती तयारी ठेवा. माझं काय ते विचारू नका, साहेब आत हाय तवर मला वर जायचंय. उठा आता, पावणं. न्हाय, चहाचं मी बघतो. तुमी उठा.