बाबांचा सूर

क्लॅरिनेट दुरुस्त होऊन मिळेपर्यंत मास्तर वाद्यांच्या दुकानातल्या बाकावर बसले होते. शेजारी एक आजी होत्या, जागरणानं डोळे तारवटलेल्या. त्यांचा मुलगा दुकानदाराशी बोलत होता.

"बॅरिटोन सॅक्सोफोन हवाय. अगदी पोटातून आवाज येणारा."

"आधी वाजवलाय कधी?"

"नाही. एकच सूर शिकायचाय."

"मग शिकाऊंसाठीचा घ्या की."

"छे! बाबा काय शिकाऊ होते? घोरायला लागले की खालचा मजला जागा व्हायचा. ते गेले आणि आईच्या डोळ्याला डोळा नाही."

"घोरण्याचं रेकॉर्डिंग नाही?"

"आहे ना. आई म्हणते, फोनला छाती नाही."

दुकानदारानं एक सॅक्सोफोन फुंकला.

"काय गं आई?"

"सर्दी झाल्यासारखा वाटतोय."

त्यानं दुसरा घेतला.

"आणि हा?"

"फारच सभ्य. ह्यांना नसतं जमलं."

"आजी, आता हा एकच उरला. पट्टीचे वादक नेतात. पण खालच्या सुरात जरा खरखरतो."

"खरखरू दे. आणि तू फुंक रे. हे दुकानदार काय रोज घरी येणार आहेत?"

मुलानं गाल फुगवून फुंकलं. कपाटाच्या काचा थरथरल्या. दम संपला तसा तो थांबला, धापा टाकल्या आणि पुन्हा फुंकलं. मास्तरांनी कानांवर हात ठेवले.

"आई, हा जमतोय का?"

आजींची मान कलंडली होती. डोळे न उघडताच त्यांनी मास्तरांच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"अहो, कुशीवर वळा बघू."

मास्तर मुकाट्यानं वळून बसले.