चालू मशीनची पूजा

चारू : हात काढा मामा! बटन परत दाबू नका. आधी ऐका.

व्यंकटमामा : काय ऐकू? डबा बंद पडला हाये. तूच पत्ते खेळू खेळू जाम करून ठेवला त्याले.

चारू : पत्त्यांनी कॉम्प्युटर जाम होत नसतो. इथं कान लावा. टक्… टक्… टक्. आलं ऐकू?

व्यंकटमामा : घड्याळ हाये ते.

आई : व्यंकट, तुझ्या या लग्नपत्रिकांच्या दुकानातलं घड्याळ कधीपासून चालायला लागलं?

चारू : आई, हसवू नकोस. हे बघा, आता मी फ्लॉपी टाकून चालू करते. आली की नाही अक्षरं? म्हणजे स्क्रीन ठीक, की-बोर्ड ठीक, वायरी ठीक. आता हार्ड डिस्ककडे काहीतरी मागते…

व्यंकटमामा : झालं सुरू. टक् टक्.

चारू : बस! सापडलं. हार्ड डिस्क जाऊन राहिलीय, मामा.

आई : जाऊन राहिलीय म्हणजे? गेली की आहे?

चारू : अर्धी आहे, अर्धी गेली.

आई : मग माझं पुस्तक कोणत्या अर्ध्यात आहे, तेवढं सांग.

चारू : ते… आत्ता नाही सांगता येत.

आई : चारू, कागदावर एक ओळ नाही माझ्याकडे. उन्हाळाभर मी इथं बसून तोंडी सांगितलं, तू टाइप केलंस. जैनथकडची माझ्या शाळेतली पोरं सातवीपर्यंत मराठीत शिकतात, आठवीत एकदम सगळं तेलुगूत. वर्षभर मुक्यासारखी मागच्या बाकावर बसतात. निम्मी शाळा सोडतात. त्यांच्यासाठी होतं ते, मराठीतून तेलुगू शिकवणारं. निर्मलचा छापखानेवाला सोमवारी पाठ मागून राहिलाय.

व्यंकटमामा : फ्लॉपीत एक कॉपी काऊन नाई ठेवली व पोरी?

चारू : तुम्ही नव्या फ्लॉपीच्या डब्याचं प्लास्टिक तरी फाडू देता का?

व्यंकटमामा : बरं, बरं. तो दुरुस्तीचा प्रोग्राम हाये ना? तो लावून देतो. रातभर चालू राहू दे.

चारू : अजिबात नाही! बंदच ठेवायचा. आत एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावर बारीकशी दांडी तरंगत असते. टेकत नाही कधी. जोराचा धक्का बसला तर टेकते, ओरखडा पडतो. मग जितकं चालवू तितकं खरडत जातं. कॉम्प्युटरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सरांनी एक मेलेली डिस्क उघडायला दिली होती. बाकीच्या पोरी लांबून बघत होत्या, मी उघडली.

आई : पण धक्का बसला कशाचा? मी तर या टेबलाला पदरसुद्धा लागू देत नाही.

चारू : मामा, दसऱ्याला नारळ कुठं फोडला तुम्ही?

व्यंकटमामा : देवापुढं.

आई : व्यंकट.

व्यंकटमामा : डब्याच्या कोपऱ्यावर. पन हळूच!

चारू : नारळ हळूच फुटतो?

व्यंकटमामा : पैल्यांदा नाई फुटला. मंग जरा जोरात हानला.

चारू : आणि कॉम्प्युटर चालू होता?

व्यंकटमामा : मंग! बंद मशीनची पूजा कोन करते? जिनिंगमधी कापसाचा रेचा चालू करूनच नारळ फोडतेत. ट्रॅक्टरचंबी तसंच.

आई : अरे, रेच्याला नारळच काय, रेडा धडकला तरी काही होत नाही! आणि तू सकाळपासून पोरीवर ढकलत होतास.

व्यंकटमामा : चुकलं, ताई. मी नागपूरची बस धरतो. नवी डिस्क घेऊन येतो.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, तेच दुकान. व्यंकटमामा नागपूरहून परतलेत. कॉम्प्युटरचा डबा उघडा आहे.)

व्यंकटमामा : घे. तान्ह्या लेकरावानी मांडीवर धरून आनली. बसमधी कोनाचा कोपर लागू नाई देल्ला. पन दुकानवाला म्हने, जुनी फेकून द्या, तिच्यातलं काई निघत नाई. इंजिनेर हाये तो, चारू.

चारू : त्यानं जुनी पाहिली का? ऐकली का?

व्यंकटमामा : नाई.

चारू : मी ऐकलीय. आई, तू सांग. काढून बघू की फेकू?

आई : बघ. तुझ्या हातानं गेलं तर गेलं.

चारू : मग केसातली पिन दे. डिस्कच्या मागच्या काट्यांवरची ही इवलीशी टोपी उचलून इकडं बसवायची. नवी मुख्य, जुनी दुय्यम. दोघी एकाच वायरवर असतात ना, टोपी नाही बदलली तर दोघीही मालकीण व्हायला बघतात.

आई : मग त्या घरात काय होतं, ते मला माहीत आहे.

चारू : लावली. चालू करते… दिसल्या! दोन्ही दिसल्या! आता पटापट कॉपी, ती थकायच्या आत.

व्यंकटमामा : माह्ये लगनपत्रिकायचे गनपती पैले काढ!

आई : आधी माझे पाठ.

व्यंकटमामा : गनपतीले मागं ठेवतं का कोनी, ताई?

चारू : ज्यांनी नारळ फोडला, त्यांनी गप्प बसायचं. पहिला पाठ आला. दुसरा आला. बाजाराचा आला, बस स्टँडचा आला, दवाखान्याचा आला…

आई : ती टक् टक् परत सुरू झाली गं.

चारू : एक पाठ अडकला. परत करून बघते. …नाही येत.

आई : आणखी एकदा.

चारू : नको, आई. ह्याच्यापाशी अडून बसले तर मागचे सगळे जातील. सोडते.

आई : …सोड.

चारू : पुढचा… आला! त्याच्या पुढचा आला! येऊन राहिलेत आई, एकामागून एक! शेवटचा! झालं! मामा, तुमचे गणपतीपण आले. एकाचा फक्त उंदीर गेला.

व्यंकटमामा : चालते! उंदराबिगर बी लगनं लागतेत!

आई : म्हणजे एकच पाठ गेला?

चारू : एकच. सॉरी, आई.

आई : अगं वेडे, काल रात्री मी सगळेच गेले म्हणून झोपले होते! व्यंकट, डोळे काय पुसून राहिलास? चहा सांग, मलई टाकून. कोणता गेला, चारू?

चारू : पाहुण्यांचा.

आई : तो तर तोंडपाठ आहे मला. नाही, उठू नकोस, तूच बस. घे लिहून. ‘आमच्या घरी या.’ खाली तेलुगूत, ‘मा इंटिकि रंडि.’